कौल आणि कर्ज : किंग कौंटीतील १९६८ च्या रोखे-मतदानाचा एक अभ्यास

१. विषयप्रवेश

प्रातिनिधिक लोकशाहीत मतदार सामान्यतः माणसे निवडतो, कामे निवडत नाही. रस्ता कोठून न्यावयाचा, धरण कोठे बांधावयाचे, त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा, हे प्रश्न निवडून दिलेल्या प्रतिनिधींवर सोपवून तो घरी परततो. अमेरिकेच्या अनेक राज्यांत मात्र या व्यवस्थेला एक महत्त्वाचा अपवाद आहे. तेथील कौंटीला, नगराला किंवा शाळामंडळाला सार्वजनिक कामासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज काढावयाचे असेल, आणि त्या कर्जाची परतफेड मालमत्तेवरील करातून व्हावयाची असेल, तर तो प्रस्ताव मतपत्रिकेवर छापून मतदारांपुढे ठेवावा लागतो. कौंटी हा राज्य आणि नगर यांच्या मधला घटक होय. आपल्याकडील जिल्ह्याशी तिची ढोबळ तुलना करता येते. तथापि तिचे कारभारी मंडळ लोकनियुक्त असते आणि तिला स्वतःच्या नावावर ऋणको होता येते, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

प्रस्तुत लेखात अशा मतदानाच्या एका प्रसिद्ध उदाहरणाचा विचार केला आहे. वॉशिंग्टन राज्यातील किंग कौंटीत, म्हणजे सिएटल शहर आणि त्याच्या परिसरात, १३ फेब्रुवारी १९६८ रोजी डझनभर प्रस्ताव एकाच वेळी मतदारांपुढे आले. त्यांपैकी सात संमत झाले. जो सर्वांत मोठा होता त्याला निम्म्याहून अधिक मते मिळाली, आणि तरीही तो पडला. बहुमत मिळूनही पराभव होतो, याचा अर्थ काय? आणि ज्या पिढीने मत दिले तिच्यापुरतेच त्या मताचे परिणाम मर्यादित असतात काय? या दोन प्रश्नांभोवती पुढील विवेचन गुंफले आहे.

२. शब्दांचा साक्षेप

‘ऋण’ हा शब्द संस्कृतातून आला, ‘कर्ज’ अरबीतून. मराठीत दोन्ही नांदतात, पण त्यांच्या छटा निराळ्या आहेत. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण या परंपरागत कल्पनेत ऋण हे माणूस जन्माबरोबर घेऊन येतो. ते पैशाने फिटत नाही. कर्ज मात्र काढावे लागते. त्याला सावकार असतो, खत असते, मुदत असते. ‘ऋण काढून सण’ या म्हणीत जी नापसंती आहे ती ऋण काढण्याविषयी नाही. ज्या गोष्टीचे फळ एका दिवसात संपते तिच्यासाठी अनेक वर्षांचा बोजा अंगावर घेण्याविषयी आहे. सार्वजनिक कर्जाचे सगळे शास्त्र या एका म्हणीत सामावले आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. कामाचे आयुष्य आणि कर्जाचे आयुष्य यांचा मेळ असावा, हे त्या शास्त्राचे पहिले सूत्र होय.

‘कौल’ या शब्दाचा इतिहास त्याहून उद्बोधक आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वचन, दिलेला शब्द. मराठेशाहीच्या महसुली कारभारात सरकार रयतेला कौल देत असे: ओसाड पडलेली जमीन लागवडीस आणावी, सारा इतकी वर्षे इतकाच घेतला जाईल, असे ते लेखी अभयवचन असे. कोकणात देवाला कौल लावतात. तेथे वचन देणारा देव असतो आणि मागणारा माणूस. आज वृत्तपत्रे ‘जनतेचा कौल’ असा प्रयोग करतात, तेव्हा वचनाची दिशा पालटलेली असते. आता रयत देते आणि सरकार मागते. कर्जावरील मतदान हे या उलट्या कौलाचे अत्यंत शुद्ध रूप होय. कारण तेथे मतदार केवळ पसंती दाखवीत नाही, तर मुद्दल आणि व्याज फेडण्याचे वचन देतो.

३. नियमाची पार्श्वभूमी

अशा मतदानाची अट लोकशाहीच्या उत्साहातून जन्मली नाही. ती पोळलेल्या हातांतून जन्मली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतील गावागावांत रेल्वे यावी अशी स्पर्धा लागली होती. रेल्वे कंपन्यांना मदत म्हणून नगरांनी आणि कौंट्यांनी कर्जरोखे काढले. अनेक ठिकाणी रेल्वे आलीच नाही. आली तेथे कंपनी बुडाली. रोखे मात्र राहिले. १८७३ च्या आर्थिक संकटाने ही दुखणी उघडी पाडली. परिणामी त्या काळी नव्याने लिहिल्या गेलेल्या राज्यघटनांनी स्थानिक कर्जाला बांध घातले. इलिनॉयच्या १८७० च्या घटनेने मालमत्तेच्या मूल्याच्या शेकडा पाच ही मर्यादा ठरविली. कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या घटनेने दोन-तृतीयांश मतांची अट घातली. १८८९ मध्ये राज्य म्हणून संघात आलेल्या वॉशिंग्टनने ठराविक मर्यादेपलीकडच्या कर्जाला तीन-पंचमांश मतदारांची संमती आवश्यक मानली. कर्जासाठी नेहमीच्या मर्यादेबाहेरचा मालमत्ता कर बसवावयाचा तर आणखी एक अट पुढे आली: मागील सार्वत्रिक निवडणुकीत जितक्यांनी मत दिले त्याच्या किमान चाळीस टक्के लोकांनी या मतदानात भाग घेतला पाहिजे.

तीन-पंचमांश या अटीचे अंकगणित वरकरणी साधे दिसते. पण त्यात एक तत्त्व दडलेले आहे. साठ ‘होय’ आणि चाळीस ‘नाही’ यांची बरोबरी होते, याचा अर्थ एका नकाराचे वजन दीड होकाराइतके धरले जाते. घटनाकारांची भूमिका उघड होती. कर्ज न काढण्याची चूक पुढच्या वर्षी दुरुस्त करता येते, काढण्याची चूक पुढची पंचवीस-तीस वर्षे फेडावी लागते. म्हणून नकाराला झुकते माप. किंग कौंटीच्या अनुभवाने या गृहीताच्या पहिल्याच भागाची परीक्षा पाहिली.

४. सरोवर ते रेल्वे

सिएटल शहराला पूर्वेकडून वॉशिंग्टन सरोवर लगटून आहे. १९५० च्या दशकात काठावरच्या वाढत्या वस्त्यांचे सांडपाणी या सरोवरात येई. शेवाळाने पाणी गढूळ झाले होते. डब्ल्यू. टी. एडमंडसन या प्राणिशास्त्रज्ञाने त्याची कारणमीमांसा केली. सांडपाणी नगरांच्या सीमा पाळीत नाही, म्हणून ‘मेट्रो’ ही संयुक्त महानगर संस्था स्थापावी, असा प्रस्ताव जेम्स एलिस या तरुण वकिलाच्या पुढाकाराने तयार झाला. मार्च १९५८ मध्ये वाहतूक, नियोजन आणि मलनिस्सारण अशी तिन्ही कामे मागणारा प्रस्ताव शहराबाहेरच्या मतदारांनी नाकारला. सप्टेंबरमध्ये तोच प्रस्ताव केवळ मलनिस्सारणापुरता मर्यादित होऊन आला आणि संमत झाला. सुमारे १४ कोटी डॉलर खर्चून १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी सरोवरापासून वळविण्यात आले, आणि पुढील काही वर्षांत पाणी निवळले. सार्वजनिक पैशाने केलेल्या कामाचे फळ डोळ्यांनी पाहता यावे, असे उदाहरण क्वचितच सापडते.

या यशाच्या बळावर एलिसने नोव्हेंबर १९६५ मध्ये एका भाषणातून मोठी योजना मांडली. ‘फॉरवर्ड थ्रस्ट’ या नावाने ती ओळखली जाते. ‘पुढचे पाऊल’ या मराठी शब्दप्रयोगात तिचा आशय बराचसा उतरतो. दोनशे नागरिकांची समिती नेमली गेली. उद्याने, रस्ते, अग्निशमन, मलवाहिन्या, क्रीडागार, घरे आणि जलद रेल्वे अशा निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळे प्रस्ताव मतपत्रिकेवर आले.

मतपत्रिकेवरील अशा प्रस्तावाची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तिचा साचा साधारणतः असा असतो: अमुक कौंटीने अमुक कामांसाठी अमुक रकमेपर्यंतचे, अमुक वर्षांत फेडावयाचे आणि मालमत्तेवरील वार्षिक करातून भागवावयाचे रोखे काढावेत काय? संपूर्ण मजकूर एका प्रश्नार्थक वाक्यात बसवावा लागतो. या वाक्यात काम नामरूपाने येते, रक्कम आकड्याने येते, आणि कर नेमका स्पष्ट असतो. जे मिळणार ते मात्र कोठेच वर्णिलेले नसते. गाडीतून कामावर जाणारी परिचारिका किंवा झाडाखाली बसलेला म्हातारा यांना या वाक्यात जागा नाही. म्हणून प्रस्तावाच्या समर्थकांना पत्रके, सभा आणि व्याख्याने यांतून ते चित्र वाक्याबाहेर उभे करावे लागते. विरोधकांना केवळ वाक्यातील आकड्याकडे बोट दाखविले की पुरते.

याउलट रचनेचा नमुना मराठी वाचकाला ठाऊक आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा, दमण आणि दीव येथे जनमत कौल घेण्यात आला, तेव्हा मतपत्रिकेवर ‘होय-नाही’ नव्हते. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी दोन पाने, अशी दोन सममूल्य चिन्हे होती. पानांना शेकडा ५४.२० आणि फुलाला शेकडा ४३.५० मते पडली. हा निर्णय साध्या बहुमताचा होता. प्रश्नाचा साचा वेगळा करून पाहिला तर त्याचे महत्त्व कळते: ‘गोवा स्वतंत्र राहावा काय?’ असे विचारून तीन-पंचमांशाची अट घातली असती, तर तेच चोपन्न टक्के अपुरे ठरले असते. कोणती बाजू ‘बदल’ म्हणून मांडली जाते यावर अशा अटीचा निकाल अवलंबून असतो. रोख्यांच्या मतदानात ‘नाही’ या बाजूला स्वतःचे चिन्ह नसते, कार्यक्रम नसतो आणि खर्चही नसतो. निदान मतपत्रिकेवर दिसणारा खर्च तरी नसतो.

५. निकाल आणि त्याची फळे

१९६८ च्या त्या मतदानात उद्यानांसाठी ११.८ कोटी, मुख्य रस्त्यांसाठी ८.१६ कोटी आणि बहुउद्देशीय क्रीडागारासाठी ४ कोटी डॉलरचे रोखे संमत झाले. जलद रेल्वेचा प्रस्ताव ३८.५ कोटींचा होता. त्याला केंद्र सरकारकडून सुमारे ७६.५ कोटींची जोड मिळावयाची होती. म्हणजे स्थानिक एका डॉलरमागे बाहेरून जवळजवळ दोन डॉलर येणार होते. सत्तेचाळीस मैलांचे जाळे उभे राहणार होते. या प्रस्तावाला ५०.८ टक्के मते मिळाली. हजार मतदारांतील पाचशे आठ जणांनी होकार दिला. पण हवे होते सहाशे.

दोन वर्षांनी, १९ मे १९७० रोजी, रेल्वेचा प्रस्ताव पुन्हा मतदानाला आला. दरम्यान परिस्थिती पालटली होती. सिएटलचे अर्थजीवन ज्या बोईंग कंपनीवर उभे होते, तिच्या कामगारांची संख्या १९६७ च्या सुमारास एक लाखाच्या घरात होती. १९७१ पर्यंत ती चाळीस हजारांच्या खाली घसरली. नोकरी जाण्याची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या माणसाला पंधरा वर्षांनी धावणारी गाडी कशी दिसणार? होकार ४६ टक्क्यांवर आला. जी साथ पहिल्या खेपेस होती तीही दुसऱ्या खेपेस उरली नाही. ‘न काढलेले कर्ज पुढच्या वर्षी काढता येते’ हे घटनाकारांचे गृहीत येथे कोसळते. संधीलाही मुदत असते, आणि ती रोख्याच्या मुदतीहून पुष्कळ कमी असते.

ज्या केंद्रीय निधीवर सिएटलची भिस्त होती त्यातील मोठा वाटा पुढे जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहराच्या रेल्वेकडे गेला. तेथेही १९६८ मध्ये मतदारांनी नकारच दिला होता. पण नोव्हेंबर १९७१ मध्ये फुल्टन आणि डिकॅल्ब या कौंट्यांतील मतदारांनी एक टक्का विक्रीकराला संमती दिली. त्या प्रस्तावाबरोबर एक ठोस वचन होते: बसचे भाडे चाळीस सेंटांवरून पंधरा सेंटांवर आणले जाईल आणि सात वर्षे वाढणार नाही. तुलनेच्या दृष्टीने हे मार्मिक आहे. दूरच्या गाडीसाठी मत मागताना अटलांटाच्या कारभाऱ्यांनी मतदाराच्या हातावर लगेच काही ठेवले. तेथील रेल्वे १९७९ मध्ये सुरू झाली. सिएटलच्या परिसरात तीन कौंट्यांच्या मतदारांनी रेल्वेला संमती दिली ती नोव्हेंबर १९९६ मध्ये, आणि शहरातील नव्या मार्गावर गाडी धावली जुलै २००९ मध्ये. पहिल्या मतदानाला तेव्हा एकेचाळीस वर्षे होऊन गेली होती. १९६८ मध्ये मत देण्यास पात्र असलेले कित्येक जण ती गाडी पाहावयास उरले नव्हते.

संमत झालेल्या प्रस्तावांची कथा सरसकट यशाची नाही. उद्यानांच्या निधीतून महामार्गावर आच्छादन घालून त्यावर उभारलेले फ्रीवे पार्क १९७६ मध्ये खुले झाले, मत्स्यालय १९७७ मध्ये. आणि ही कामे टिकून राहिली. क्रीडागाराचे तसे झाले नाही. त्याआधी दोनदा मतदारांनी क्रीडागाराचे रोखे नाकारले होते. तिसऱ्या खेपेस ते साठीची पायरी ओलांडून गेले. जागेच्या निवडीवरून शेजारच्या आशियाई वस्तीत असंतोष पसरला, कारण उत्सव इतरांचा आणि गर्दी, धूळ व वाढती भाडी त्यांची, असा तो मामला होता. ‘किंगडोम’ या नावाने ही वास्तू १९७६ मध्ये उघडली. १९९४ मध्ये तिच्या छताच्या फरशा निखळून पडल्या. दुरुस्तीच्या कामात अपघात होऊन दोन कामगार दगावले आणि कौंटीच्या डोक्यावर नवा बोजा चढला. २६ मार्च २००० रोजी सुरुंग लावून ती वास्तू पाडण्यात आली. तिच्या बांधणीचे, दुरुस्तीचे आणि जुने कर्ज नव्याने फेडण्यासाठी काढलेल्या कर्जाचे मिळून जे देणे उरले होते ते फिटले २०१५ मध्ये. इमारत चोवीस वर्षे उभी होती. तिचे देणे त्यानंतर पंधरा वर्षे उभे राहिले. आंब्याचे झाड आजोबा लावतो आणि फळे नातू खातो, हा लोकव्यवहाराचा जुना क्रम येथे उलटा झाला. खेळ आजोबांनी पाहिला. तिकिटाचे पैसे नातवंडांनी भरले.

६. संमती कोणाची?

टॉमस जेफरसनने ६ सप्टेंबर १७८९ रोजी मॅडिसनला लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न उपस्थित केला होता. पृथ्वीचा उपभोग जिवंतांचा आहे, मृतांना तिच्यावर हक्क नाही, हे त्याच्या प्रतिपादनाचे सार होय. आयुर्मानाच्या तक्त्यांवरून त्याने एका पिढीची मुदत एकोणीस वर्षे ठरविली आणि त्यापलीकडे पोचणारे कर्ज कोणत्याही पिढीने काढू नये असा निष्कर्ष काढला. किंगडोमच्या संदर्भात हे म्हणणे पटते. पण वॉशिंग्टन सरोवराच्या संदर्भात काय म्हणावयाचे? १९५८ च्या मतदारांनी अंगावर घेतलेल्या खर्चामुळे त्यानंतर जन्मलेली मुले त्या पाण्यात पोहली. पुढची पिढी फळ भोगणार असेल तर तिने हप्ताही भरावा, यात अन्याय नाही. अन्याय आहे तो तिला विचारता येत नाही यात. आणि हा अन्याय कर्ज काढल्याने जसा होतो तसाच न काढल्यानेही होतो.

मत कोणाला असावे, या प्रश्नाचा निवाडाही याच सुमारास झाला. काही राज्यांत अशा प्रस्तावांवर केवळ मालमत्ताधारकांनाच मत होते. कर तेच भरतात, असा त्यामागचा युक्तिवाद. १९७० मध्ये फिनिक्स नगराच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे निर्बंध अवैध ठरविले; भाडेकरूच्या भाड्यात घरमालकाचा कर मिसळलेला असतो, ही त्यामागची साधी जाणीव होती. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, ‘गॉर्डन विरुद्ध लान्स’ या खटल्यात तीन-पंचमांशाच्या अटीची कसोटी लागली. वेस्ट व्हर्जिनियातील रोन कौंटीच्या शाळामंडळाच्या रोख्यांना ५१.५५ टक्के मते पडली होती, साठ हवी होती. सरन्यायाधीश बर्गर यांनी निकालपत्रात ही अट वैध ठरविली. ती कोणत्याही विशिष्ट वर्गाला वेगळे काढून त्याच्या मताचे मोल कमी करीत नाही, हा त्यातील मुख्य विचार. तर्कदृष्ट्या तो निर्दोष आहे. तथापि जुन्या शाळेत बसणारी मुले हाही एक वर्गच असतो आणि त्याला मत नसते, ही गोष्ट न्यायालयीन तर्काच्या चौकटीबाहेर राहते.

संमतीची अट कडक असली की तिला वळसा घालण्याची युक्तीही निघते. अलाबामा राज्यात कौंटीला ‘बाँड’ काढावयाचा तर मतदारांची संमती लागते. ‘वॉरंट’ काढावयाचा तर लागत नाही. जेफरसन कौंटीने मलनिस्सारणाच्या प्रचंड कामासाठी वॉरंट काढले. भ्रष्टाचार, गुंतागुंतीचे व्याजकरार आणि २००८ चे आर्थिक संकट यांच्या भाराखाली ती कौंटी नोव्हेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. देणे होते चार अब्ज डॉलरहून अधिक. शब्द बदलला आणि कौल नाहीसा झाला. बोजा मात्र त्याच रहिवाशांच्या सांडपाण्याच्या बिलावर बसला.

७. भारतीय संदर्भ

भारतात स्थानिक संस्थांच्या कर्जावर सार्वमताची पद्धत नाही. १९१४ च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज अधिनियमापासून चालत आलेली रीत वरून खाली जाणारी आहे: संस्थेने ठराव करावा, राज्य सरकारने मंजुरी द्यावी. नगरपालिकांच्या रोख्यांचे नवे पर्व १९९० च्या दशकात सुरू झाले. अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये राज्याच्या हमीविना शंभर कोटींचे रोखे काढले. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी दोनशे कोटी रुपये ७.५९ टक्के व्याजाने उभे केले. या कर्जाची पतपरीक्षा मानांकन संस्थांनी केली, खरेदी वित्तसंस्थांनी केली, संमती नगरसेवकांनी आणि राज्य सरकारने दिली. ज्यांच्या नळाला पाणी यावयाचे आणि ज्यांच्या करातून पैसा जावयाचा, त्यांना थेट विचारण्याची जागा या साखळीत कोठेच नव्हती.

ही व्यवस्था सदोषच आहे असे नाही. प्रत्येक मलवाहिनीसाठी सार्वमत घ्यावयाचे ठरले तर श्रीमंत वस्तीने गरीब वस्तीची मलवाहिनी नाकारण्याचा धोका आहेच. किंग कौंटीतही अल्प उत्पन्नवाल्यांच्या घरांचा प्रस्ताव पडला आणि क्रीडागाराचा तरला, हे विसरता येत नाही. पण प्रतिनिधींद्वारे दिलेली संमती तेव्हाच खरी, जेव्हा प्रतिनिधी असतात. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई आणि पुणे यांसह महाराष्ट्रातील अनेक महापालिकांचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात अंदाजपत्रके झाली, कामांची कंत्राटे निघाली, दायित्वे अंगावर घेतली गेली. मात्र प्रभागात जाऊन जाब विचारावा असा नगरसेवक नव्हता. एका टोकाला साठ टक्क्यांची अडसर आणि दुसऱ्या टोकाला शून्य टक्क्यांची मोकळीक, अशा या दोन व्यवस्था आहेत.

८. उपसंहार

किंग कौंटीच्या उदाहरणावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, बहुमताची पायरी किती उंच ठेवावयाची हा केवळ गणिताचा प्रश्न नाही. बदलाच्या आणि स्थितीच्या बाजूने उभे राहणाऱ्या माणसांचे सापेक्ष मोल त्यातून ठरते. दुसरी अशी की, नकारालाही किंमत असते, पण ती मतपत्रिकेवर छापलेली नसते. १९६८ च्या मतदाराला कराचा बोजा वाचता येत होता. एकेचाळीस वर्षांचा विलंब वाचता येत नव्हता. तिसरी गोष्ट संमतीच्या गुणवत्तेची. साठीची पायरी ओलांडणारा प्रस्ताव शहाणपणाचा असतोच असे नाही आणि ती न ओलांडणारा अविचाराचा असतो असेही नाही. क्रीडागार आणि रेल्वे या जोडीने ते पुरेसे सिद्ध केले.

यातून सार्वमत टाकाऊ ठरत नाही. जेथे कारभाऱ्याला कौल मागावा लागतो तेथे त्याला कामाचा हिशेब सामान्य माणसाच्या भाषेत मांडावा लागतो, आणि सरोवराच्या प्रकरणात त्या मांडणीनेच दुसऱ्या खेपेस होकार मिळविला. भारतीय नगरांनी मतदान घ्यावे की न घ्यावे यावर मतभेद होऊ शकतील. पण काढलेल्या प्रत्येक कर्जाचा हेतू, रक्कम, मुदत, फेडीचा मार्ग आणि काम न केल्यास होणारी हानी या पाच बाबी नागरिकाला समजेल अशा मराठीत त्याच्या करपावतीसोबत पोहोचवावयास कोणत्याही घटनादुरुस्तीची गरज नाही. कौल मागावयाचा नसला तरी खत वाचून दाखविण्याचे बंधन ऋणकोच्या नावाने सही करणाऱ्यावर राहतेच.